पाण्याखालचं रबर

१२ एप्रिल, शनिवार
बर्फ सरला. सेंट क्लेअर सरोवराच्या रॅम्पवर ट्रेलर दिसू लागले, आपली बोट मात्र अजून घरासमोर ताडपत्रीखाली. गेल्या सप्टेंबरात वळण घेतलं की मागून घरघर ऐकू यायची आणि सरळ निघालं की थांबायची. हे लक्षण गिम्बल बेअरिंगचं. बेअरिंगचं ग्रीस धुतलं जायला आत पाणी शिरावं लागतं, म्हणजे बेलोजही तपासायला हवेत.

मांडणी लिहून ठेवतो. स्टर्नड्राइव्हच्या बोटीत इंजिन आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह बाहेर. मधल्या भिंतीला मोठं भोक, त्यातून शाफ्ट जातो आणि तिथे त्याला गिम्बल बेअरिंगचा आधार असतो. ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, म्हणून शाफ्टला यू-जॉइंट. त्यावर पाणी अडवायला पेटीच्या भात्यासारखं घड्यांचं रबर, तेच बेलोज. व्होल्व्हो पेंटाने १९५९ साली ॲक्वामॅटिक आणला, १९६१ मध्ये मर्क्रूझर आला. आमचा ड्राइव्ह मर्क्रूझरचाच, अल्फा वन, दुसऱ्या पिढीचा. इतक्या वर्षांत बरंच सुधारलं, पण सरोवर आणि बोट यांच्यामध्ये आजही रबरच आहे.

१३ एप्रिल, रविवार
ड्राइव्ह उतरवला. आधी गिअर फॉरवर्डमध्ये टाकला. अल्फामध्ये हे करावंच लागतं, नाहीतर आतली शिफ्टची जोडणी अडकते. मग ट्रिम सिलिंडरची मागची पिन काढली आणि ६ नट सोडले. हे वजन एकट्याने पेलण्याचं नाही. इंजिन उचलायच्या क्रेनला पट्टा बांधला, लेकीने खालचं टोक धरलं आणि ड्राइव्ह सरळ रेषेत मागे ओढला.

यू-जॉइंटवरून तांबूस पाणी ठिबकलं. बेलोज बोटांनी ताणून टॉर्च धरला, तर खालच्या बाजूच्या घडीच्या तळाशी नखाएवढी चीर. ड्राइव्ह जोडलेला असताना ती दिसलीच नसती, कारण घडी मिटलेली असते.

लेक म्हणाली, "बाबा, वर्कशॉपला का नाही देत?"
"देता येईल. पण या बोटीत तू बसतेस, आजी बसते. कुठून पाणी येऊ शकतं ते मी स्वतः पाहिलेलं असावं."

१९ एप्रिल, शनिवार
ड्राइव्ह ज्यावर बसतो ते बेल हाउसिंग सोडलं. त्याच्या बिजागरीच्या पिनांना खास टूल लागतं, साध्या ॲलन कीने डोकं झिजतं. शेजारच्या निवृत्त मेकॅनिकनी टूल दिलं आणि सांगितलं, "रबर तिन्ही बदल."

त्यांचं म्हणणं रास्त आहे. यू-जॉइंटचा आणि शिफ्ट केबलचा बेलोज फाटला तर पाणी बोटीत शिरतं आणि धक्क्याला बांधलेली बोटही रात्रीत बुडू शकते. एक्झॉस्टचा फाटला तर बोट बुडत नाही, पण गरम धूर शेजारच्या रबरावर येतो आणि ते लवकर कडक होतं.

जुनं बेअरिंग स्लाइड हॅमरने ओढून काढलं. हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरलं. नवं ठोकताना मार फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर बसला तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं होतं. ग्रीसचं भोक निपलच्या रेषेत आणून मगच बसवलं.

२६ एप्रिल, शनिवार
दिवस सगळा साफसफाईत गेला. नवं रबर जिथे बसणार ती धातूची कड तारेच्या ब्रशने आणि सॉल्व्हंटने चकचकीत केली. जुन्या गोंदाची पापडी राहिली तर तिथूनच पाझर सुरू होतो. बेलोजचा गोंद लावून चिकट होईपर्यंत थांबलो, मग 'टॉप'ची खूण वर ठेवून रबर सरकवलं. क्लॅम्पचा स्क्रू पान्हा पोचेल अशा कोनात ठेवला. मग आरसा धरून कड सगळीकडून सारखी बसली आहे ना, ते गोल फिरून पाहिलं.

३ मे, शनिवार
आज अलाइनमेंट. लोखंडी बार ग्रीस लावून बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये घालायचा. तो दोन बोटांच्या जोराने सरकला पाहिजे. सुरुवातीला अडला. बाहेर काढून पाहिला तर ग्रीसवर खाचांचे ठसे एकाच बाजूला खोल. इंजिनाच्या पुढच्या माउंटचे नट थोडे थोडे फिरवत गेलो, ठसे सगळीकडून सारखे झाले, बार अलगद आत गेला. इंजिन पाव फेरी फिरवून पुन्हा तपासलं. हे टाळलं तर नवं बेअरिंग आणि कपलर दोन्ही लवकर खराब होतात.

अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो, म्हणून तोही उघडला. इम्पेलरच्या रबरी पात्यांना कायमचा बाक आलेला. नवा बसवताना शाफ्ट त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवत हाउसिंग खाली दाबलं, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात.

१० मे, शनिवार
खाचांना ग्रीस लावून ड्राइव्ह चढवला, ६ नट ५० फूट-पौंडांना आवळले. गिअर तेल खालच्या भोकातून पंपाने भरायचं. वरच्या भोकातून बुडबुड्याशिवाय धार आली की आधी वरचं बूच बंद करायचं, मग पंप काढून खालचं.

ड्राइव्हऐवजी स्वतः गंजणारे ॲनोड नवे लावले, मॅग्नेशियमचे, कारण सरोवराचं पाणी गोडं. मालवणच्या खाऱ्या पाण्यात जस्ताचे लागतील. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ते काम करणं थांबवतं आणि मग गंज ड्राइव्हच्या ॲल्युमिनियमला लागतो.

स्टार्टरही बदलायचा होता. मोटारीचा स्वस्त मिळतो, पण घेतला नाही. पेट्रोलची वाफ बोटीच्या तळात साठते आणि मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी बंदिस्त नसते. इथे काटकसर करू नये.

१७ मे, शनिवार
घरीच होस पाइपच्या पाण्यावर इंजिन चालवून पाहिलं. पाणी सोडल्याशिवाय चावी फिरवायची नाही, इम्पेलर काही सेकंदांतच जळतो. मग बोट रॅम्पवर नेऊन पाण्यात सोडली. ब्लोअर ४ मिनिटं चालवला, तळात पेट्रोलचा वास नाही याची खात्री केली, मगच इंजिन सुरू केलं.

तरी लगेच निघालो नाही. धक्क्याला बांधून झाकण उघडं ठेवलं आणि लेकीला टॉर्च घेऊन तळ पाहायला बसवलं. तळ कोरडा. मग सरोवरात जाऊन दोन्हीकडे पूर्ण वळणं घेतली. घरघर नाही.

संध्याकाळी इंजिनाच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहिलं: बेलोज, बेअरिंग, इम्पेलर, मे २०२५. उद्या बोट कोणाकडेही गेली तरी रबराचं वय त्याला कळलं पाहिजे. खाली ऑक्टोबरसाठी दोन ओळी: थंडी पडण्याआधी गिअर तेल काढून पाहा, दुधाळ असेल तर आत पाणी आहे आणि ते गोठून हाउसिंग फोडेल. बोट ठेवताना ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवा, म्हणजे पाणी निथळतं आणि बेलोजवर ताण राहत नाही.