टचपॅड ऐकेना, तर कीबोर्ड आहेच

लॅपटॉपच्या कीबोर्डखाली जो गुळगुळीत चौकोन असतो त्याला टचपॅड म्हणतात, हे आता घराघरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. पण हा चौकोन बोटाचा दाब मोजत नाही, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या अंगातून वीज वाहू शकते, म्हणून बोट जवळ आलं की टचपॅडखालच्या जाळीतला विजेचा भार किंचित बदलतो आणि तो बदल टचपॅड ओळखतो. म्हणूनच नखाने काही होत नाही, साध्या हातमोज्याने होत नाही, आणि कातडी राठ, कोरडी किंवा टाके पडून जाड झालेली असेल तर बोटानेही धड होत नाही.

हे सगळं शोधून काढायची वेळ आमच्यावर आली ती धाकट्या भावामुळे. मुलांचा तो मामू. तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज कंपनीच्या बसने जाणारा, इंदोरीच्या पुढच्या ट्रॅफिकला शिव्या घालणारा साधा कामगार. कारखाना आमच्या तळेगावला नवा नाही. एमआयडीसी येण्याच्या किती तरी आधी, १९०८ मध्ये, इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. भाऊ एका लहान युनिटमध्ये पॉवर प्रेसवर होता. दोन वर्षांपूर्वी प्रेसखाली उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सापडलं, दोन्हींचं वरचं पेर गेलं. उपचार ईएसआयसीतून झाले, जखम भरली. पुन्हा प्रेसवर उभं राहायचं नाही असं अम्मींनी त्याला शपथ घालून सांगितलं, आणि खरं तर त्याचीही हिंमत होत नव्हती.

युनिटने त्याला स्टोअरमध्ये बसवायचं कबूल केलं. अट एकच, तीन महिन्यांत आवक-जावकच्या नोंदी कॉम्प्युटरवर स्वतः करता आल्या पाहिजेत. नाहीतर पॅकिंग, आणि पॅकिंगमध्ये पगार एवढा कमी की त्यातून घरभाडं आणि दोन मुलांची फी भागणार नाही. भाऊ दहावी झालेला, उर्दू आणि मराठी दोन्ही सफाईने वाचणारा. हिशोबाला तर आमच्यापेक्षा पक्का. अडचण डोक्याची नव्हतीच, बोटांची होती.

सरावासाठी आम्ही त्याला आमचा जुना लॅपटॉप दिला. शाळेचे निकाल आणि उर्दूच्या प्रश्नपत्रिका करून करून त्याच्या कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. त्याचा टचपॅडही अलीकडे लहरी झाला होता. म्हणजे इकडे बोट अर्धं आणि तिकडे टचपॅड अर्धा. "आपा, ये बाण मेरा सुनताच नै," असं म्हणून पहिल्या दिवशी त्याने झाकण बंद केलं.

माउस का घेतला नाही, असं कुणीही विचारेल. घेतला. माउससुद्धा तर्जनीनेच टिचकवावा लागतो. सेटिंगमध्ये जाऊन आम्ही डावं-उजवं बटण उलटं केलं आणि माउस डाव्या हाताला दिला, त्याने बराच फरक पडला. पण स्टोअरमध्ये त्याला जे टेबल मिळणार होतं ते चलनांचे गठ्ठे, टेपची रिळं आणि लोखंडी नमुने यांनी भरलेलं. तिथे माउस फिरवायला वीतभर जागा नाही, आणि तिथलं मशीन लॅपटॉपच आहे. कीबोर्ड मात्र कुठेही असतोच.

आधी आम्ही टचपॅडचा दोष किती आणि बोटाचा किती हे वेगळं करून पाहिलं. चार्जर लावलेला असताना बाण थरथरायचा, काढला की शांत व्हायचा. हा भिंतीतल्या अर्थिंगचा दोष असू शकतो. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. इलेक्ट्रिशियन बोलावून ती तार जोडून घेतली आणि अर्धी थरथर गेली. (फ्रिजला हात लावल्यावर बसणारा बारीक झटकाही गेला. त्याबद्दल वर्षभर कुणी ब्र काढला नव्हता.) दुसरी गोष्ट ओल्या हाताची. वुजू करून किंवा भांडी घासून तसंच लॅपटॉपवर बसलं की बाण उड्या मारतो, कारण पाण्याचा थेंबही टचपॅडला बोटासारखाच वाटतो. हात आणि टचपॅड दोन्ही कोरडे पुसायचे, एवढाच इलाज.

तिसरी गोष्ट आमच्या लॅपटॉपला नव्हती, पण ती प्रत्येक घराने बघून घ्यावी. टचपॅड एका बाजूने वर आला असेल, दाबला जात नसेल, लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तसा लॅपटॉप चार्जिंगला लावू नये, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नये. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. तिथे पैसे वाचवायला जाणं म्हणजे घरात आगीला जागा देणं.

एवढं करूनही भावाच्या बोटाला टचपॅड नीट दाद देईना. मग आम्ही ठरवलं, की बाणाची गरजच कमी करायची. स्टोअरची आवक नोंदीची फाईल कुठे असते ते त्याने कागदावर लिहून आणलं होतं. डी ड्राइव्ह, त्यात स्टोअर, त्यात वर्ष, त्यात महिना, त्यात आवक. दर खेपेला पाच ठिकाणी दोनदा टिचकी. शाबूत बोटाच्या माणसाला यात काही वाटत नाही. त्याला एक फाईल उघडायला दोन मिनिटं लागायची आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत उभा. या फाईलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर आणला की पाचाचं एक होतं.

पण शॉर्टकट करायची सगळ्यांना शिकवली जाणारी रीत ओढण्याची आहे. आल्टची कळ दाबून धरायची, फाईल बोटाने धरायची आणि ओढत डेस्कटॉपवर आणून सोडायची. खराब टचपॅडवर याच्याइतकं त्रासाचं काम नाही. बोट मध्येच निसटतं आणि फाईल वाटेतल्या भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते. असं झालं तर घाबरायचं नाही, दुसरं काही न करता लगेच कंट्रोल आणि झेड दाबायचं, फाईल जागेवर परत जाते.

कीबोर्डची रीत अशी. विंडोजची कळ आणि ई दाबली की फाईलींची खिडकी उघडते. वर-खाली बाणांच्या कळांनी, किंवा नावाचं पहिलं अक्षर दाबून, हव्या त्या फोल्डरवर यायचं आणि एंटर. चुकीच्या फोल्डरमध्ये गेलो तर आल्ट आणि वरचा बाण, एक पायरी बाहेर. फाईलवर आलो की शिफ्ट धरून एफ-दहा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही लागते. उजव्या टिचकीने उघडते तीच यादी समोर येते. खालच्या बाणाने 'सेंड टू' वर, उजव्या बाणाने आत, 'डेस्कटॉप' असं लिहिलेल्या ओळीवर एंटर. झाला शॉर्टकट. विंडोज आणि डी दाबलं की सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, तिथे बाणांच्या कळांनी त्या चित्रावर जायचं. एफ-दोन दाबलं की नाव बदलता येतं. भावाने नाव उर्दूत लिहिलं, 'आमद'. विंडोजला उर्दू नाव चालतं, मराठीही चालतं. फक्त ती भाषा आधी सेटिंगमध्ये घालून ठेवावी लागते, मग विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा पालटते.

पहिल्या रविवारी हे करायला आम्हाला मगरिबपासून इशापर्यंत वेळ लागला. त्यातला निम्मा वेळ एफ-दहाची कळ पडद्याचा प्रकाश कमी करत होती, हे कळण्यात गेला.

वेबसाइटचा शॉर्टकट निराळ्या वाटेने होतो. डेस्कटॉपवर कोणतंही चित्र निवडलेलं नसताना शिफ्ट आणि एफ-दहा, मग 'न्यू', मग 'शॉर्टकट'. चौकट उघडते तिथे वेबसाइटचा पत्ता चिकटवायचा, एंटर, नाव द्यायचं, एंटर. यू-डायस आणि शालार्थचे असे शॉर्टकट आम्ही शाळेतल्या कॉम्प्युटरवर करून ठेवले. शिक्षकांच्या खोलीत त्याचं जेवढं कौतुक झालं, तेवढं आमच्या कुठल्याही नमुना पाठाचं झालं नसेल!

पुढची पायरी खरी कामाची निघाली. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर येऊन आल्ट आणि एंटर दाबलं की त्याची माहिती उघडते. तिथे 'शॉर्टकट की' नावाचा रकाना असतो. त्यात जाऊन एखादं अक्षर दाबलं, समजा ए, तर तिथे आपोआप कंट्रोल, आल्ट आणि ए असं उमटतं. एंटर दाबून बाहेर आलं की पुढे कुठूनही या तीन कळा दाबल्या की फाईल उघडते, डेस्कटॉपवर जायचीही गरज नाही. शॉर्टकट मात्र डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच राहिला पाहिजे. उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवला की या कळा चालत नाहीत. आणि चारचा आकडा घेऊ नये. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट आणि चार मिळून रुपयाचं चिन्ह उमटतं, ते जातं.

तीन कळा एकदम दाबायच्या म्हटल्यावर भावाने हात पुढे करून दाखवला. बरोबरच होतं त्याचं. त्यावरचा उपाय विंडोजमध्ये आधीपासून होता. शिफ्टची कळ पाठोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' चालू करायचं का असं विचारणारी चौकट येते. खेळताना मुलं ही चौकट चुकून आणतात आणि वैतागतात. ती होकाराने स्वीकारली की कळा एकत्र दाबाव्या लागत नाहीत. आधी कंट्रोल दाबून सोडायचं, मग आल्ट दाबून सोडायचं, मग ए. एका बोटाने, सावकाश. मात्र दोन कळा एकत्र दाबल्या की ही सोय आपोआप बंद होते. ती तशी बंद होऊ नये असं सेटिंगमध्ये ठरवता येतं, आम्ही ते ठरवलं, कारण त्याच लॅपटॉपवर मुलंही बसतात.

ज्या लॅपटॉपला उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा पट्टा असतो, त्यावर आणखी एक सोय आहे. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक दाबलं की आकड्यांच्या कळांनी बाण फिरवता येतो. पाचने टिचकी, अधिकच्या चिन्हाने दोनदा टिचकी. शून्य दाबलं की वस्तू धरून ठेवली जाते आणि टिंबाने सुटते, म्हणजे बोट दाबून न धरताही फाईल ओढता येते. बाण फार हळू चालतो, भावाला कंटाळा आला. पण हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे शिकवून पाहायला हरकत नाही.

अम्मींनी त्या चित्राच्या कोपऱ्यातल्या छोट्या वाकड्या बाणाबद्दल विचारलं होतं. तो बाण म्हणजे हा शॉर्टकट आहे, मूळ फाईल नव्हे, याची खूण. विंडोज ९५ पासून ती चालत आली आहे. शॉर्टकट पुसला तरी मूळ फाईलला धक्का लागत नाही. आणि शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेतला तर पेनड्राइव्हवर फाईल आलेली नसते, फक्त तिचा पत्ता आलेला असतो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात असाच रिकामा पत्ता घेऊन उभे असलेले शिक्षक आम्ही पाहिले आहेत. उलट, झेरॉक्सच्या दुकानातून परत आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्याच फोल्डरांना असा बाण दिसू लागला तर तो व्हायरस असण्याची शक्यता मोठी. त्यावर टिचकी मारायची नाही, आधी पेनड्राइव्ह तपासून घ्यायचा.

तीन महिने होऊन गेले. स्टोअरमधली जागा भावाकडे राहिली. प्रेसवर ओव्हरटाइम धरून जे मिळायचं त्याहून पगार कमीच आहे, भावजयीने शिलाईची कामं वाढवली आहेत. तिथल्या लॅपटॉपवर त्याने स्वतः सहा शॉर्टकट केले, त्यातल्या चारांना अक्षरं नेमून दिली. नावं आता मराठीत आहेत, कारण दुसऱ्या शिफ्टच्या माणसालाही तीच वापरायची असतात.

पुढच्या महिन्यापासून नोंदी एक्सेलमधून काढून ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये करायच्या, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे हे शॉर्टकट जाणार आणि दुसऱ्या रीतीने नवे करावे लागणार. त्याने पत्ता लिहून आणला आहे, या रविवारी बसायचं ठरलं आहे.