शहापूर-मुरबाडच्या वाटेवर

गेल्या पौषांत शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत चार दिवस हिंडण्याचा योग आम्हांस आला. निमित्त म्हसोबाच्या यात्रेचें होतें. पण घरांतून निघतांना मनांत दुसरेंच कांहीं होतें.

कसाऱ्याच्या गाडीनें आसनगांवास उतरलें कीं शहापूर जवळच आहे. माहुलीचे सुळके समोर दिसूं लागतात. १६३६ सालीं शहाजीराजांस ह्याच किल्ल्यावर वेढा पडला होता, एवढें स्मरून आम्ही पुढें निघालों. टेकडीवरील जैनांच्या देवालयाचें नांव मानस मंदिर. तें वाचून बरोबर आलेल्या आमच्या काकू किंचित् हंसल्या. त्यांचें हंसणें आम्हांस समजलें.

चाळीस वर्षांपूर्वीं ह्याच काकू बाळंतपणानंतर दोन महिने भिंतीकडे तोंड करून बसून असत. झोप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, मूल रडलें तरी हात पुढें होत नसे. आमचें घर शिकलेलें. चार पदवीधर तेव्हांहि घरांत होते. तरी डॉक्टरचें नांव कोणीं काढलें नाहीं. सप्तशतीचे पाठ झाले, नवस बोलून झाले, दृष्टी काढून झाली. बाहेर बोभाटा होऊं नये, हीच सर्वांस काळजी! एके रात्रीं त्या विहिरीच्या कांठापर्यंत गेल्या, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. औषधानें त्या बऱ्या झाल्या. म्हणून भगताकडे जाणाऱ्यांस अडाणी म्हणण्याची आमची तरी छाती होत नाहीं.

किन्हवलीच्या बाजूस एका ठाकूरवाडींत आम्ही एका वृद्ध भगताकडे बसलों. सुपांत तांदळाचे दाणे टाकून ते दुखण्याचें मूळ पाहतात. पाहणें थोडा वेळ, विचारणें फार वेळ! घरांत भांडण झालें का, शेताचें काय झालें, मेलेल्या माणसाचें कांहीं करावयाचें राहिलें का, हें सारें ते विचारीत होते, आणि भोंवतीं वाडींतील माणसें ऐकत होतीं. शहरांतील दवाखान्यांत एवढा वेळ आम्हांस कधीं कोणीं दिलेला स्मरत नाहीं.

"बाबा, दाण्यांनीं गुण आला नाहीं, तर?" आम्हीं विचारलें.

"तर शहापूरच्या दवाखान्यांत धाडतों," ते म्हणाले. "मागें साप चावलेलं पोर मीं रातभर ठेवलं. पहाटे गेलं. तवापासून ठेवीत नाहीं."

हें बोलतांना त्यांनीं सूप बाजूस ठेवलें. सर्पदंशावर उपचार घेण्यास अडवून मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा झाला आहे. ह्या म्हाताऱ्यांस तो कायदा ठाऊक नव्हता, पोर ठाऊक होतें.

देवस्थानानें मनास उतार पडतो का? तामिळनाडूंतील एका देवळांत राहणाऱ्या ३१ मनोरुग्णांची पाहणी बंगळूरच्या डॉक्टरांनीं केली व ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. सरासरीनें सहा आठवडे तीं माणसें तेथें राहिलीं. औषध नव्हतें, देवळांतील साधीं कामें होतीं, आणि लक्षणांचें मोजमाप सुमारें एकपंचमांशानें खालीं आलें. पण त्याच प्रांतांत, एरवाडीस, ६ ऑगस्ट २००१ रोजीं दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यास आग लागली व साखळदंडांनीं बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. रुग्णास साखळीनें बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सक्त मनाई केली. देव दोन्हीकडे होता. एकीकडे माणसें मोकळीं होतीं.

सरळगांवावरून मुरबाड, आणि तेथून म्हसा. पौर्णिमेपासून येथें यात्रा भरते. बैलांचा बाजार मोठा, घोंगड्यांचे ढीग, धूळ तर विचारूंच नये. नवस फेडण्यासाठीं पाठींत गळ टोचून घेण्याच्या प्रथेबद्दल ही यात्रा प्रसिद्ध आहे. तें पाहणें आमच्यानें झालें नसतें, हें कबूल करतों. काकू मात्र देवळापाशीं बराच वेळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दोन महिन्यांत औषधाआधीं मला पोथीनेंच धरून ठेवलें होतें. पण पोथी वाचून कोणी माझ्याजवळ बसलें नाहीं, सारीं देवाजवळ बसलीं." ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. पण शहापुराहून ठाणें आगगाडीनें सुमारें ५० किलोमीटर, आणि वाडींतून निघावयाचें तर आधीं स्थानक गांठावें लागतें. बरोबर येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारी टेलि-मानस सेवा फुकट बोलावयास मिळते. परततांना आम्ही मुद्दाम त्याच वाडीवरून आलों व भगतांस तो आंकडा सांगितला. त्यांस वाचतां येत नव्हतें. शाळेंत जाणाऱ्या नातीला त्यांनीं हाक मारली. तिनें कोळशानें तो दारामागच्या भिंतीवर लिहिला, आणि काकूंनीं म्हशास घेतलेलें घोंगडें तिच्या खांद्यावर टाकलें.