तळं, भिंत आणि तिघे

6 मे 2024, सोमवार
शेततळं आज पूर्ण उघडं पडलं. गेल्या पावसाळ्याने ओढ दिली, त्यात अस्तराचा जुना प्लास्टिक कागद कोपऱ्यांत फाटलेला. होतं नव्हतं ते पाणी होळीच्या आतच मुरलं. तीस बाय तीस मीटर, खोली तीन. उतार धरून काठोकाठ भरलं तर सुमारे 22 लाख लिटर, म्हणजे दहा हजारांचे 220 टँकर. नेकनूरच्या शिवारात उन्हाळ्यात टँकर सांगायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.
कंत्राटदाराने कामाची यादी सही करून दिली: गाळ काढणे, जुना कागद उचलणे, तळ व उतार चोपणे, आयएस 15351 खुणेचा 500 मायक्रॉनचा कागद अंथरून गरम हवेने जोड मारणे. बांधाखालून मोटारीच्या खोलीपर्यंत पाइपलाइन गेली आहे. आमच्या बापूने तिच्यावर फक्की टाकली आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

8 मे, बुधवार
जेसीबी मागे घेताना फक्कीवरच बकेट टेकलं. पाइप फुटली. पुढच्या वळणात मोटारीच्या खोलीचा कोपरा खाली आला, स्टार्टरची पेटी विटांखाली. ड्रायव्हर उतरला, बघितलं, तंबाखू मळली. "मी तासावर आलोय गुरुजी, मालकाला विचारा." कंत्राटदार फोनवर: "गाडी माझी नाही, भाड्याची आहे." गाडीवाला: "ज्यानं लावली त्यानं दाखवलं तिथं गाडी चालली." तिघांनी मिळून भिंत पाडली, आणि पाडणारा कुणीच नाही.

10 मे, शुक्रवार
अक्षय तृतीया. भाचा बीडला वकिली करतो, आमरसाला आला होता. जेवणाआधीच त्याला तळ्यावर नेलं.
"मामा, तुमचा व्यवहार कोणाशी? पैसे कोणाच्या हातात दिले?"
"कंत्राटदाराच्या."
"मग झालं. गाडी त्यानं भाड्यानं आणो नाहीतर उसनी, ते त्यानं आणि गाडीवाल्यानं आपसांत मिटवायचं. तुम्ही तिघांच्या मागं फिरू नका."
1872 च्या करार कायद्याचं कलम 73 त्याने समजावलं. करार मोडल्यामुळे ओघाने जे नुकसान होतं, ते मोडणाऱ्याने भरायचं. लांबून जोडलेलं नाही. पाणी नव्हतं म्हणून पुढच्या वर्षीच्या सीताफळाचा भाव मागायला गेलो तर ग्राहक आयोगातले लोक हसतील. त्याच कलमात आमच्या बाजूचंही एक ओझं आहे. नुकसान आवरता येण्यासारखं असेल तर आवरायचं. खोली उघडी टाकली आणि वळवाच्या पावसात मोटार भिजली, तर ती त्याच्या माथी मारता येणार नाही. म्हणून आज सणाच्या दिवशी ताडपत्री बांधली. पावती ठेवली.
फक्की नसती तर? "तर पाइपच्या पैशात तो तुम्हालाही ओढू शकला असता. जमिनीखाली काय आहे ते मालकानं सांगायचं असतं. भिंत मात्र जमिनीवर उभी होती."

12 मे, रविवार
बाजार. बैलांच्या बाजूला दोघे-तिघे भेटले, प्रत्येकाकडे अशीच एक गोष्ट: कुणाची विहीर बांधताना कठडा ढासळला, कुणाच्या अंगणातला हौद दुरुस्तीनंतर जास्त गळायला लागला. सगळ्यांनी पैसे आधीच मोजले होते. ओळखीच्या माणसाकडे लिहून मागणं आपल्याकडे अपमानाचं समजतात. मला हे कधीच पटलेलं नाही. उधारीच्या वहीत ओळखीच्यांचीच तर नावं असतात.

13 मे, सोमवार
लोकसभेचं मतदान. काम बंद. कंत्राटदार केंद्राबाहेर भेटला, चार लोकांत फार गोड बोलला. "पाइप जोडून देतो गुरुजी, भिंतीचं बघू." लिहून द्या म्हटलं तर, "चार माणसांत बोललो ना!"

17 मे, शुक्रवार
कागद आला, आणि खडे न वेचताच अंथरायला लागले. बापूने काम थांबवलं. 500 मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. तीन मीटर पाणी उभं राहिलं की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन भार येतो. एक टोकदार खडा पुरतो, आणि भोक दिसतं ते तळं रिकामं झाल्यावरच.
पण सगळ्यात राग आला तो दोराचा. चारही कडांना गाठी मारलेले दोर आणि टायरच्या ट्यूब होत्या, त्या जुन्या कागदासोबत गुंडाळून फेकल्या. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पोहता येणारं पोरही अशा तळ्यातून दोराशिवाय वर येऊ शकत नाही. "ते यादीत नव्हतं," म्हणतो. फेकणंही यादीत नव्हतं.

22 मे, बुधवार
भाच्याकडे बीडला. वाटेत खजाना विहीर लागते. 1582 च्या सुमाराची, सलाबतखानाच्या काळातली. बांधणाऱ्या राजा भास्करचं नाव लोक अजून घेतात. आमच्या ड्रायव्हरचं नाव मला आजही कळलेलं नाही.
शेतकरी ग्राहक ठरतो का, ही माझी शंका. राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच मानला. पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला 2019 चा कायदाही व्यापारी धरत नाही. बांधकाम ही सेवा आहे, हे तर लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालापासून, 1993 पासून, ठरलेलं. कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बीडलाच, दाखल करता येते.
त्याआधी नोटीस. शेवटचा हप्ता मी रोखलाच आहे.

28 मे, मंगळवार
नोटिशीचा मसुदा कंत्राटदाराच्या कानावर गेला असावा. काल गवंडी आला, भिंत उभी राहिली. नवे दोर बांधले. खडे वेचून कागद पुन्हा ताणला. पाइप जोडली, पण सांधा ठिबकतो. स्टार्टरला मात्र तो हात लावायला तयार नाही: "जुनाच होता." जुना होता हे खरं, म्हणून नव्याची पूर्ण किंमत मागायची नाही, दुरुस्तीच्या बिलापुरतीच, असं ठरवलं. बापूला ते पटलं नाही. तो म्हणतो, पूर्ण मागा, अर्धे मिळतील. यावरून घरात वाद. नोटिशीत शेवटी माझाच आकडा गेला. सोबत सहीची यादी, फक्कीचा फोटो, ताडपत्रीची पावती. उद्या रजिस्टर पोस्टाने.