बातमीनंतरचे तंत्रज्ञान

संगणक, सॉफ्टवेअर आणि त्यांविषयीच्या बातम्या यांवर मत असणे ही आता एकट्या अभियंत्यांची मिरासदारी राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातील औषधविक्रेता, शाळेतील गणिताचा शिक्षक, मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर आणि लोकसेवा केंद्रावर इतरांचे अर्ज भरून देणारा तरुण हे सारे नव्या प्रोसेसरविषयी, विंडोजच्या पुढच्या आवृत्तीविषयी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी हौसेने बोलतात, वाद घालतात आणि क्वचित एकमेकांचे मत बदलूनही दाखवतात. अशा हौशी मतांना पोटापाण्याच्या चर्चेहून हलके समजण्याची रीत आहे. परंतु ती रीत टिकण्याजोगी नाही, कारण ज्याने यंत्र घडवले त्याला त्याच्या शक्यता ठाऊक असतात, तर ज्याच्यासमोर ते रोज चालते किंवा बंद पडते त्याला त्याचा परिणाम ठाऊक असतो, आणि तंत्रज्ञानाविषयीच्या बातम्यांत या दुसऱ्या ज्ञानाला फारच थोडी जागा मिळते. घोषणेच्या दिवशी बातमी छापली जाते. पाच वर्षांनी त्या घोषणेचे काय झाले, हे मात्र जेथे ती राबवली गेली तेथेच दिसते.

या दृष्टीने देवास जिल्ह्यातील कन्नौदसारखे गाव हे निरीक्षणाचे उत्तम ठिकाण आहे. इंदूर-बैतूल मार्गावरचे हे तहसिलीचे ठिकाण सोयाबीन, गहू आणि हरभरा पिकवणाऱ्या मुलखात आहे. पुढे खातेगाव ओलांडले की नेमावरला नर्मदा लागते. होळकरांच्या राज्यात मोडणाऱ्या या भागाच्या एका अंगाला देवास आणि त्यापलीकडे धार ही पवारांची संस्थाने होती, आणि या तिन्ही राज्यांच्या दफ्तरांत दीर्घकाळ मराठी भाषा व मोडी लिपी चालत असे. जमिनीची नोंद, तिची नकल आणि ती मिळवण्यासाठी कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे यांचा या प्रदेशाला जुना परिचय आहे. संगणक त्या परिचयात पुष्कळ उशिरा आला.

तो आला तो दिवसही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जगभरातील संगणकतज्ज्ञ 'वायटूके' या नावाने ओळखल्या गेलेल्या दोषाकडे डोळे लावून बसले होते. जुन्या प्रणालींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवले जात असल्याने २००० हे वर्ष १९०० समजले जाईल आणि बँका, विमाने व वीजकेंद्रे कोलमडतील, अशी ती भीती होती. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २००० रोजी, जवळच्याच धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' नावाचा उपक्रम सुरू झाला. धारचे तत्कालीन जिल्हाधिकारी राजेश राजोरा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या योजनेत सुरुवातीला वीसेक गावांत 'सूचनालये' उघडली गेली. सूचनालय म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर, टेलिफोनची एक तार आणि ते चालवणारा गावातलाच शिकलेला तरुण, ज्याला 'सूचक' म्हटले जाई. ही केंद्रे इंट्रानेटने, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी न जोडलेल्या, केवळ जिल्ह्यापुरत्या आंतरजाळ्याने जिल्हा मुख्यालयाशी बांधलेली होती. पाच रुपयांत मंडीचे भाव, दहा रुपयांत तक्रारीची नोंद, शिवाय जमिनीच्या खसरा-खतौनीच्या नकलेचा आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज, एवढ्या गोष्टी तालुक्याला न जाता होऊ लागल्या. त्याच वर्षी या उपक्रमाला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि धारचे नाव जगभरच्या ई-प्रशासनाच्या चर्चेत येऊ लागले.

पुढची हकीकत सांगण्यात बातम्यांना तितका रस नव्हता, पण खऱ्या तंत्रज्ञानप्रेमी माणसाने तिच्याच मागे लागले पाहिजे. सूचनालयाचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून, म्हणजे डायल-अप पद्धतीने, जोडला जाई. मोडेम नंबर फिरवी, पलीकडचे यंत्र उचली, आणि एखाद्या पानाची माहिती उतरत असतानाच जोडणी तुटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे. मध्य प्रदेशातील खेड्यांत तेव्हा वीज दिवसाचे कित्येक तास नसे, आणि असली तरी तिचा दाब संगणकाला मानवण्याजोगा असेलच असे नव्हते. यावर उपाय म्हणून पुढे मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने विकसित केलेल्या कॉर्डेक्ट या बिनतारी पद्धतीकडे पाहिले गेले. तीत मनोऱ्यावरून दहा-एक किलोमीटरच्या परिघातील घरांना एकाच वेळी बोलणे आणि ३५ किंवा ७० किलोबिट वेगाने माहिती पाठवणे शक्य होते, मात्र मनोरा आणि घर यांच्यामध्ये डोंगर किंवा दाट झाडी येता कामा नये, अशी तिची अट होती. विंध्याच्या उतारांवर वसलेल्या वस्त्यांना ही अट अडचणीची ठरणारच होती. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अभ्यासकांनी २००२ मध्ये ज्ञानदूतचे मूल्यमापन केले तेव्हा केंद्रांचा वापर अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला, आणि त्यामागच्या कारणांत तुटक जोडणी व अपुरी वीज अग्रभागी होती.

तथापि, तार आणि वीज यांवरच सारा दोष ढकलणे हे या प्रकरणाचे अपुरे वाचन होईल. सूचकाने पाठवलेला अर्ज विजेच्या वेगाने मुख्यालयात पोहोचला, तरी नकल तयार करणारा पटवारी, तीवर सही करणारा अधिकारी आणि ती ज्या वहीवरून उतरवायची ती वही यांचा वेग पूर्वीचाच होता. तक्रारीला ठरावीक दिवसांत उत्तर मिळेल असे आश्वासन होते. पण ते न मिळाल्यास कोणाचे काय बिघडेल, हे कोठेही लिहिलेले नव्हते. त्यामुळे अर्ज जाण्याचा मार्ग रुंद झाला आणि उत्तर येण्याचा मार्ग तसाच अरुंद राहिला. सॉफ्टवेअरविषयीच्या बहुतेक गप्पांत हीच बाब निसटते: पडद्यावरची रचना किती देखणी, संकेतस्थळ किती चटकन उघडते, यावर हिरिरीने बोलले जाते, आणि पडद्यामागे बसलेल्या माणसाला काम करणे भाग आहे की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसल्याचे समजून सोडून दिला जातो. वास्तविक तो तंत्रज्ञानाचाच प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरावर बाकी साऱ्या यंत्रणेचे मोल ठरते.

मध्य प्रदेशात याचे उत्तर संगणकाकडून आले नाही, कायद्याकडून आले. २०१० च्या सप्टेंबरमध्ये लागू झालेल्या लोकसेवा हमी कायद्याने ठरावीक दाखले आणि नकला यांना मुदत घालून दिली, आणि त्या मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये व जास्तीत जास्त ५००० रुपये इतका दंड स्वतःच्या खिशातून भरावा लागेल, अशी तरतूद केली. अशा प्रकारचा हा देशातील पहिला कायदा होता. त्यानंतर उघडलेल्या लोकसेवा केंद्रांत संगणकाचे काम बदलले. अर्ज घेताच छापून दिल्या जाणाऱ्या पावतीवर काम होण्याची शेवटची तारीख असते, आणि त्या तारखेमागे कायदा उभा असतो. उत्तर मिळाले नाही तर अपील करण्याचा आधार म्हणून अर्जदाराच्या हाती तोच कागद राहतो. ज्ञानदूतचा संगणक आणि लोकसेवा केंद्राचा संगणक यांत यंत्र म्हणून जो फरक आहे तो दहा वर्षांत कोणत्याही यंत्रात पडतो. खरा फरक त्या छापील तारखेचा आहे. सरकारी सेवांच्या नव्या ॲपविषयी मत बनवणाऱ्याने सर्वप्रथम ही तारीख शोधावी, आणि ती न सापडल्यास कौतुक राखून ठेवावे.

ज्या वर्षी ज्ञानदूत सुरू झाला त्याच वर्षी, जून २००० मध्ये, आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशच्या सोयाबीन पट्ट्यात 'ई-चौपाल' सुरू केली, आणि दोहोंची तुलना फार बोधप्रद आहे. येथे संगणक एखाद्या शेतकऱ्याच्याच घरात ठेवला जाई आणि त्या शेतकऱ्याला 'संचालक' म्हणत. टेलिफोनच्या तारा भरवशाच्या नाहीत हे ध्यानात येताच कंपनीने व्हीसॅट, म्हणजे थेट उपग्रहाशी बोलणारी छोटी तबकडी, बसवली आणि विजेसाठी सौर पॅनेल व बॅटऱ्या दिल्या. कंपनी आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा खरेदीभाव जाहीर करी. तो पसंत पडला तर शेतकरी माल कंपनीच्या केंद्रावर नेई, जेथे वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होई, आणि भाव पसंत नसेल तर तो मंडीच्या लिलावात जायला मोकळा होता. अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या केंद्रांच्या आगमनानंतर आसपासच्या मंड्यांतील सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. केवळ केंद्रावर माल नेणाऱ्याचाच नव्हे, तर मंडीत जाणाऱ्याचाही लाभ झाला, कारण भाव आधीच ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला ट्रॉली परत नेण्याची धमकी खरेपणाने देता येऊ लागली.

एक ते तीन टक्के हा आकडा बातमीच्या मथळ्यात शोभणारा नाही, आणि तंत्रज्ञानाविषयीची चर्चा नेमकी अशाच आकड्यांना कंटाळते. क्रांती झाली की नाही, एवढेच तिला विचारायचे असते. कन्नौदच्या आसपास काही एकर सोयाबीन काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र भावातील दोन टक्के म्हणजे बियाण्याच्या उधारीतला काही हिस्सा आधी फिटणे होय. शिवाय ही वाढ एकट्या संगणकाची नव्हती; मंडीबाहेर थेट खरेदी करण्याची मुभा राज्याने कायद्यात बदल करून दिली होती, आणि ती नसती तर पडद्यावरचा भाव कितीही अचूक असला तरी तो भाव देणारा गिऱ्हाईक मंडीबाहेर उभाच राहू शकला नसता.

कचेरीतील संगणकाची दुसरी बाजू भाषेची आहे, आणि हौशी चर्चेत तिची उपेक्षा सर्वांत जास्त होते. मध्य प्रदेशातील कार्यालयांत वर्षानुवर्षे देवनागरी मजकूर 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये टंकित होत आला. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे ही केवळ चित्रे असतात; संगणकाच्या स्मरणात रोमन अक्षरेच साठवली जातात, आणि 'भारत' हा शब्द वस्तुतः एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांची माळ असतो. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तेथे ती फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो, शोधयंत्राला त्यातला एकही शब्द सापडत नाही, आणि नावांची अकारविल्हे यादी लावायला सांगितली तर ती भलत्याच क्रमाने लागते. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही राज्याच्या सीपीसीटी या संगणकप्रावीण्य परीक्षेत जुन्या टंकयंत्राच्या घडणीचा रेमिंग्टन कळफलक आणि प्रमाणित इनस्क्रिप्ट कळफलक असे दोन्ही पर्याय ठेवावे लागतात, कारण बोटांना पडलेले वळण परिपत्रकाने बदलत नाही. मोडीला तर युनिकोडमध्ये स्थान मिळायला २०१४ उजाडावे लागले. धार, देवास आणि इंदूर येथील ज्या जुन्या नोंदी त्या लिपीत आहेत, त्या यंत्राला वाचता याव्यात म्हणून आधी अक्षराला क्रमांक हवा होता. तो मिळाला, पण नोंदींची छायाचित्रे काढणे, त्या जाणकारांकडून वाचून घेणे आणि यंत्राला शिकवणे हे काम माणसांचे आहे व ते फार मोठे आहे. जी कृत्रिम बुद्धिमत्ता इंग्रजीत निबंध लिहिते तिच्याविषयी माळव्यातील तंत्रज्ञानप्रेमीने उत्साह जरूर बाळगावा. पण माळवी किंवा निमाडी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा पीकविम्याचा प्रश्न ती समजू शकते काय, हे त्याने आपल्या कानांनी पडताळावे, कारण दिल्ली-मुंबईत बसून हे पडताळणारा कोणी नाही.

अलीकडच्या दोन घटना याच नजरेने पाहता येतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्रक द्यावे लागले. या घटनेवर बरीच चर्चा कंपनीच्या चुकीची झाली; एकाच पुरवठादारावर इतक्या संस्थांनी एकाच वेळी विसंबावे काय, ही चर्चा त्यामानाने थोडी झाली, आणि हाताने लिहिता येण्याची सोय जेथे शिल्लक होती तेथेच काम पुढे सरकले, याकडे तर फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दुसरी घटना १४ ऑक्टोबर २०२५ ची, जेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जी यंत्रे उत्तम चालतात तीही कागदोपत्री बाद ठरली. महानगरातील कार्यालय अशा वेळी नवी यंत्रे मागवते. तालुक्यातील शिकवणीवर्गाने, झेरॉक्सच्या दुकानाने किंवा खासगी शाळेने काय करावे, याचे उत्तर मात्र उत्साही जाणकारालाच द्यावे लागते, आणि ते उत्तर उपलब्ध आहे: उबुंटू, मिंट यांसारख्या लिनक्स वितरणांवर, म्हणजे कोणालाही विनामूल्य घेता, तपासता आणि बदलता येणाऱ्या प्रणालींवर, दहा वर्षांपूर्वीचा संगणक पत्रे लिहिण्यास, हिशेब ठेवण्यास आणि युनिकोडमध्ये देवनागरी टंकण्यास पुरेसा आहे. अडचण येते ती प्रिंटर ओळखला न जाण्याची, शासकीय संकेतस्थळावर डिजिटल सहीचे उपकरण न चालण्याची आणि जुन्या कृतिदेव फाइली युनिकोडमध्ये आणण्याची. यांतली प्रत्येक अडचण एकदा सोडवून तिची कृती साध्या हिंदीत किंवा मराठीत लिहून ठेवली, तर खातेगावच्या किंवा बागलीच्या दुकानदाराला तीच अडचण पुन्हा पहिल्यापासून सोडवावी लागणार नाही.