गाणं नाही, नुसती धडधड

आमच्या जिमची जागा यारी रोडला, पहिल्या मजल्यावर. खाली दुकानं, वर तीन मजले राहती घरं. हॉल साधारण साठ फूट बाय तीस, उंची अकरा फूट. एका बाजूला रस्त्याकडच्या काचा, समोर भिंतभर आरसे. मशीनं, ट्रेनर, रंग हे सगळं धाकट्या भावाने ठरवलं आणि साउंड सिस्टीम माझ्या गळ्यात घातली. ‘‘ताई, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस, तूच बघ,’’ म्हणाला. जिममध्ये माझे पैसे होतेच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिली फेरी अर्थात लॅमिंग्टन रोडला. ‘जिमसाठी’ हा शब्द ऐकला की तिथे एकच सेट पुढे येतो : पंधरा इंची दोन टॉप, अठरा इंचाचा एक बेस आणि वर लावायला दिवे फुकट. एका दुकानदाराने मला वॉटचा जो आकडा सांगितला, तेवढ्या विजेवर आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालली असती. तो आकडा ‘पीएमपीओ’चा होता, म्हणजे क्षणभरासाठी कागदावर जमवलेला. खरा विचारायचा असतो तो सतत पेलता येणारा आरएमएस वॉट, आणि त्याहीआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी : एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात. त्यात तीन डेसिबलचा फरक पडला, तर तेवढ्याच आवाजाला अर्धे वॉट पुरतात. आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दसपट वॉट लागतात. वॉटवर भाव ठरवणाऱ्याला हे गणित विचारलं की तो चहा मागवतो.

भावाला मात्र तो सेट आवडला होता. वर्सोव्यातल्या जिममध्ये येणारं गिऱ्हाईकही तसंच. आराम नगरच्या ऑडिशनला निघालेली मुलं, शूटिंग संपवून रात्री नऊला उगवणारे असिस्टंट डायरेक्टर, वेसावे कोळीवाड्यातले तगडे पोरगे. त्यांना छातीत वाजणारा बेस हवा, असं त्याचं म्हणणं. मी अट घातली : पैसे देण्याआधी सेट आणून रिकाम्या हॉलमध्ये वाजवायचा. दुकानदार कुरकुरत तयार झाला.

वाजवायची वेळ आली तेव्हा मी हॉलमध्ये थांबले नाही. वर दुसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे जाऊन बसले. काकूंनी चहा ठेवला. खालून भावाने आवाज चढवला, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या किणकिणायला लागल्या. काका पेपर वाचत होते, त्यांनी चष्मा काढला. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘गाणं कुठलं लागलंय ते कळत नाही गं. नुसतं धडधडतंय.’’

ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात दोन पानं घेणारी गोष्ट काकूंनी दोन वाक्यांत सांगितली. भिंत किंवा स्लॅब आवाज अडवते ती आपल्या वजनाच्या जोरावर, आणि कंपनं जितकी जलद तितकी ती चांगली अडवते. वारंवारता दुप्पट झाली की अडवणूक साधारण सहा डेसिबलने वाढते. गायकाचे शब्द हजार-दोन हजार हर्ट्‌झच्या आसपास असतात, ते स्लॅबमध्येच मरतात. ढोलाचा ठोका पन्नास-साठ हर्ट्‌झचा, तो सहज वर जातो. पन्नास हर्ट्‌झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांबीची असते, तिला आपले नऊ इंची विटांचे थर काय रोखणार? शिवाय बेसचं खोकं जमिनीवर ठेवलं की ते हवेबरोबर स्लॅबही हलवतं. मग कंपन कॉलममधून तिसऱ्या, चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचतं.

याच्यावर कायदा काय म्हणतो, तेही बघितलं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आमची पहिली बॅच साडेपाचची, म्हणजे पहिला अर्धा तास कायद्याच्या लेखी रात्रच. पण खरी मेख पुढेच आहे. हे डेसिबल ‘ए’ वजनाचे असतात, माणसाच्या कानाच्या कलाने मोजलेले, आणि या मोजणीत पन्नास हर्ट्‌झचा आवाज तब्बल तीस डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे मीटर सगळं नियमात दाखवणार आणि काकूंच्या ताटल्या वाजतच राहणार. उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मीटरचा कागद दाखवला असता, तर कायद्याने जिंकले असते. भाड्याचा करार मात्र पुढच्या वर्षी वाढला नसता.

सेट वाजवून पाहिला त्याच दिवशी मीटर घेऊन हॉलही फिरून पाहिला. टॉपसमोरच्या ट्रेडमिलवर ९७, पलीकडे स्ट्रेचिंगच्या कोपऱ्यात ८४. कोपऱ्यातल्या माणसाला नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा आणि ट्रेडमिलवाल्याचे कान फोडायचे, हाच बहुतेक जिमचा रिवाज. आरसे, काच आणि लोखंड यांनी तो आवाज आणखी घोळवला जातो, त्यामुळे ट्रेनर ‘कोपर आत’ म्हणाला तरी समोरच्याला ‘अजून पाच’ ऐकू येतं.

अमेरिकेच्या नायोश या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. मेंबर तासाभरात घाम पुसून जातो. ट्रेनर सकाळ-संध्याकाळ मिळून सहा-सात तास तिथेच उभा असतो. त्याच्या कानाचा हिशेब कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता. मी भावाला हा तक्ता दाखवला, तेव्हा त्याने पहिल्यांदा मान हलवली. जिम काढण्याआधी तो स्वतःच दहा वर्षं ट्रेनर होता.

आमचे बाबा तालमीतले. त्यांना या सगळ्या खटाटोपाचं हसू यायचं. तालमीत ऐकू येणार तो श्वास आणि दंडावरची थाप. हलगी वाजते ती कुस्तीच्या मैदानात, तीही बघणाऱ्यांसाठी जितकी, तितकीच लढणाऱ्यांसाठी. पण संगीताचा व्यायामाला उपयोग होतो, हे बाबांना पटवायचा मी प्रयत्न केला. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागिओर्गिस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांच्या आसपासचं संगीत दमछाकीची जाणीव कमी करतं, असं त्यांचं सांगणं. लय हवी, दणदणाट नव्हे. बाबा म्हणाले, ‘‘मग ताशा लावा.’’

दुसरा साउंडवाला भेटला तो अंधेरीतच, हॉटेलांची कामं करणारा. त्याने आधी टेप काढून छताची उंची मोजली. एवढ्यावरच तो मला निम्मा पटला. त्याचा आराखडा उलटा होता : मोठे दोन नकोत, छोटे आठ हवेत, छतातून टांगलेले पेंडंट. साडेनऊ फुटांवर लटकवले, तर उभ्या माणसाच्या कानापासून जेमतेम चार फूट वर. नव्वद अंशांत आवाज पसरवणारा स्पीकर तेवढ्या अंतरात फक्त आठ फुटांचं वर्तुळ भरतो, एकशेवीस अंशांचा जवळजवळ चौदा फुटांचं. म्हणून रुंद फेकीचे घ्यायचे, चार-चारच्या दोन रांगांत. छत जितकं खाली, तितके स्पीकर जास्त लागतात, हे पुष्कळांना उलटं वाटतं.

आठ स्पीकर आठ ओहमचे घेतले, तर जोडणीची कसरत होते. म्हणून शंभर व्होल्टची लाइन, रेल्वे स्टेशनवर, शाळेत, देवळात असते तशी. शंभर वॉट आठ ओहमला पाठवायचे तर साडेतीन अँपियर करंट, शंभर व्होल्टवर फक्त एक. तार बारीक चालते, लांब नेता येते, आणि प्रत्येक स्पीकरच्या मागे खटका असतो : किती वॉट घ्यायचे ते तिथेच ठरतं. आम्ही तिसावर ठेवले. आठ गुणिले तीस दोनशेचाळीस, त्यावर पंचवीस टक्के मोकळीक, म्हणजे किमान तीनशेचा अ‍ॅम्प. अठरा इंची बेस यादीतून गेला. सायकलिंगच्या छोट्या खोलीत एक आठ इंची ठेवला, जाड रबरी गाद्यांवर, आणि अ‍ॅम्पमध्ये त्याला लिमिटर लावून सेटिंगला पासवर्ड घातला. पासवर्ड भावाला माहीत नाही.

वर्सोव्यात आणखी एक गिऱ्हाईक असतं, न बोलावता येणारं : खारा वारा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. इथे स्प्लिट एसीचे पत्रे किती लवकर पापुद्रे धरतात, हे रहिवाशांना सांगायला नको. त्यात जिमचा घाम. म्हणून कागदी कोनऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे कोन, स्टेनलेसच्या टांगत्या तारा, पावडर कोटिंगच्या जाळ्या मागितल्या. अ‍ॅम्पचा रॅक साउंडवाल्याने रिसेप्शनमागे खिडकीजवळ काढला होता, मी तो आतल्या एसीच्या केबिनमध्ये हलवला. एका बाजूच्या भिंतीवर पन्नास मिलिमीटरच्या रॉकवूलचे कापड चढवलेले पॅनल लावले. स्पीकरच्या बजेटमधून काढलेल्या पैशांतला सगळ्यात कारणी लागलेला खर्च तोच.

गाण्यांचा परवाना हा विषय कुठलाही दुकानदार काढत नाही. मोबाईलवरचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घरी ऐकायला असतं, धंद्याच्या जागी वाजवायला नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल, नोव्हेक्ससारख्या कंपन्यांकडे जावं लागतं, आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएसकडे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का केला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. आमच्या जिमपासून रिक्षाने दहा मिनिटांत किती तरी गीतकार-संगीतकार भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्याच गाण्यावर पोरांना बैठका मारायला लावायच्या आणि परवान्याचे पैसे वाचवायचे, हे मला पटलं नाही. भावालाही नाही, पण त्याचं कारण नोटिशीची भीती हे होतं. चालतं तेही.

सिस्टीम लागल्यावर पुन्हा मीटर फिरवला. हॉलभर ८० ते ८३. कोळीवाड्यातल्या पोरांच्या आग्रहावरून रोइंग मशीनच्या वेळेला कोळीगीतं लागतात, आणि वल्ह्याच्या मशीनला तो ठेका बसतो, हे मला मान्य करावं लागलं. सकाळी सहापर्यंत सगळं आणखी दहाने खाली. ‘आवाज वाढवा’ म्हणणारे रोज भेटतात, त्यांच्यासाठी इयरफोन आहेत. काकूंकडे जाऊन पुन्हा चहा घेतला. त्यांनी विचारलं, ‘‘आज बंद आहे का?’’ चालू होतं.

तुम्ही जिमला जात असाल, तर एक करा. नायोशचं ध्वनिमापक अ‍ॅप आयफोनवर फुकट मिळतं. ते उतरवून स्पीकरजवळ आणि लांबच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे आकडा घ्या. स्पीकरजवळ तो नव्वदच्या वर असेल, तर मालकाला दाखवा, आणि दाखवताना ट्रेनरला सोबत घ्या. दिवसभर तिथे उभा तोच असतो.