बोल्टचा दांडा आणि आजोबांची रायफल

गेल्या वर्षी दोन महिने ऑनसाइटला ऑस्ट्रियात, लिंत्झला होतो. तिथून श्टायर गाव जवळच. हेमिंग्वेच्या १९३६च्या मॅकोम्बरच्या गोष्टीतली ६.५ मानलिखर वाचल्यापासून डोक्यात होती, आणि ती रायफल बनायची याच श्टायरमध्ये. मी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही, पण मॉडेल ओळखायचा किडा चावला तो चावलाच.

या मानलिखर-श्योनाउअरची गंमत म्हणजे, जुन्या मॉडेलचं साल कॅलिबर सांगतं. १९०३ म्हणजे ६.५ मिलिमीटर, १९०५ म्हणजे ९, १९०८ म्हणजे ८, १९१० म्हणजे ९.५. मॅगझिनमधली गोल फिरकी त्या-त्या काडतुसाच्या मापाची, त्यामुळे काडतूस बदललं की मॉडेलही बदललं. पण १९०३चं मॉडेल १९०३ सालीच बनलंय असं समजलात तर फसलात! ते पुढे कित्येक वर्षं बनत होतं. आपल्याकडे व्हर्जन नंबर वेगळा आणि बिल्डची तारीख वेगळी, तसंच.

एका रविवारी टीममधल्या मित्राने डॅन्यूबपलीकडच्या त्याच्या घरी जेवायला नेलं. माझा नाद कळल्यावर त्याने कपाटातून आजोबांची रायफल काढली. नळीच्या टोकापर्यंत लाकूड, काय देखणी!

"१९४५ला रशियन आले तेव्हा आजोबांनी हीच परसात पुरली होती. कुठलं मॉडेल रे?"

मी बघितलं आणि गप्प झालो. बोल्टचा दांडा मागे झुकलेला. १९५०च्या मॉडेलपर्यंत तो सरळ असायचा, मागे वळला तो १९५२च्या मॉडेलपासून. म्हटलं, कुणी नंतर वाकवला असेल. एका खुणेवर निकाल देऊ नये. पण नळीवर कोरलेलं होतं पॉइंट २४३ विंचेस्टर, आणि ते काडतूसच बाजारात आलं १९५५ साली.

आता सांगू की नको? "छान आहे," एवढंच कसंबसं बोललो.

कोपऱ्यात बसलेले त्याचे ऐंशी पार केलेले वडील जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. मित्र क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग मला म्हणाला, "पुरलेली ती वेगळी होती म्हणे. रशियन १९५५ला गेल्यावर उकरली, तर पार गंजलेली. ही नंतर घेतली. आजोबांना इतकं लागलं होतं, की घरात तो विषयच काढायचे नाहीत."

साल मी बरोबर ओळखलं होतं. पण त्या गंजलेल्या रायफलीबद्दल हिच्यावर काय कोरलेलं असणार?

असो. पुढच्या वेळी आधी घरच्यांना विचारीन, मग बोल्ट बघीन.