एका ओळीत उघडली चौकट

परवा रात्री साडेअकराला मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की घरातली सगळी जागी झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर मधोमध एक चौकट उभी होती आणि तिच्यात स्वच्छ देवनागरीत माझा प्रश्न: ‘जीएमआरटीच्या एका डिशचा व्यास 45 मीटर आहे का?’ खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नाही’. आणि हे सगळं फक्त एका ओळीत!

पुतणीला 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या प्रदर्शनात प्रश्नमंजूषा मांडायचीय. दुर्बीण आकाशातल्या रेडिओलहरी टिपते, तिथं मोबाइलसुद्धा बंद ठेवायचा. म्हणजे इंटरनेटवाचून चालेल असंच काहीतरी हवं होतं. प्रश्न मी बॅश स्क्रिप्टमध्ये लिहिलेही होते, पण तो काळा पडदा दिसला की पोरं दोन पावलं मागं सरकायची.

आणि मग सापडलं झेनिटी! लिनक्सच्या ग्नोममधलं, फुकट, इवलंसं साधन. आपण प्रश्न द्यायचा, चौकट ते उभी करतं. ‘होय’ दाबलं की स्क्रिप्टला शून्य मिळतो, ‘नाही’ दाबलं की एक. बस्स, त्यावरून पुढचा प्रश्न ठरवा. नाव लिहून घ्यायचंय? त्याची चौकट आहे. तारीख हवी? अख्खं कॅलेंडर उघडतं. केडीई वापरणाऱ्यांसाठी केडायलॉग आहेच.

पण मला वेड लावलं ते पुढं सरकणाऱ्या पट्टीनं. तिला आकडे पाठवत राहायचे, ती भरत जाते. हॅशनं सुरू होणारी ओळ पाठवली की वरचा मजकूर बदलतो! मी लगेच दुर्बिणीच्या तीसही डिश तिच्यात ओवल्या. पट्टी निम्म्याच्या जवळ आली की ‘मधल्या चौकातल्या 14 झाल्या’, मग तीन बाजूंना पसरलेल्या 16, आणि शंभरावर ‘आता 30 डिश मिळून एकच दुर्बीण!’

सकाळी पुतणीनं पट्टी भरताना पाहिली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. “काका, आता मला लिहू द्या ना प्रश्न!” म्हणाली आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढला. जी पोर काल कीबोर्डला हात लावत नव्हती, तिनं दुपारपर्यंत अकरा प्रश्न लिहिले. अवतरणचिन्ह कुठं बंद करायचं तेवढं मला विचारलं.

तुमच्याकडं लिनक्स असेल तर टर्मिनल उघडा, झेनिटी लिहा, दोन डॅश, क्वेश्चन, मग दोन डॅश, टेक्स्ट, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात तुमचा मराठी प्रश्न. एंटर दाबायला मात्र घरातल्या लहानग्याला बोलवा.